उपयोजित विज्ञान कोणाच्या उपयोगाचे?

बारावीचा निकाल आणि मृगाचा पाऊस वऱ्हाडात मागेपुढेच येतात. त्यामुळे येथील कास्तकाराच्या घरी दोन हिशेब एकाच वेळी मांडावे लागतात. एक बियाण्याचा आणि दुसरा मुलाच्या वा मुलीच्या प्रवेशाचा. दोन्हींसाठी पैसा एकाच गाठोड्यातून काढावयाचा असतो आणि ते गाठोडे मागच्या हंगामातच रिकामे झालेले असते. बार्शीटाकळी तालुक्यात हा हिशेब अधिकच बोचतो. येथून सुमारे वीस किलोमीटरवर अकोला आहे. अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे, महाबीजचे मुख्यालय आहे, डाळगिरण्या आणि सरकी काढणारे कारखाने आहेत. याच तालुक्यातील महानच्या धरणाचे पाणी अकोला शहर पिते. तालुक्याने शहराला पाणी द्यावे, कापूस द्यावा, तूर द्यावी, मजूर द्यावेत. परंतु शहरातील शास्त्र मात्र तालुक्यातील शेतमजुराच्या मुलाला सहजी मिळू नये, हा व्यवहार न्यायाचा नाही. विज्ञानाच्या उपयोजित पदव्यांचा जो नवा आराखडा आता अमलात आला आहे, त्याकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो.

अभ्यासक्रमाची रचना हा प्राध्यापकांचा आणि विद्यापीठ मंडळांचा विषय आहे, त्यात पक्षकार्यकर्त्याने काय पाहावयाचे, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत सोडली पाहिजे. कोणते ज्ञान कितव्या वर्षी द्यावयाचे आणि कोणत्या वर्षी बाहेर पडण्याची सोय ठेवावयाची, हे ठरविणारा माणूस पदवी कोणापर्यंत पोहोचेल हेही ठरवीत असतो. जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा आपण जितक्या बारकाईने वाचला, तितक्याच बारकाईने श्रेयांकांचा तक्ता वाचण्याची वेळ आली आहे.

नव्या रचनेचे स्वरूप थोडक्यात असे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या वर्षापासून पदवी चार वर्षांची करण्यात आली. अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रातील, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ या पाच जिल्ह्यांतील महाविद्यालयेही तिच्या कक्षेत आली. एक वर्ष पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी विशेष पदवी, असा हा जिना आहे. प्रत्येक वर्षाला किमान ४० श्रेयांक आहेत. वर्गातील पंधरा तासांच्या अध्यापनाला एक श्रेयांक, तर प्रयोगशाळेतील तीस तासांच्या कामाला एक, असे गणित आहे. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याने तीन वर्षांच्या आत परत यावे आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी, असा नियम आहे. कृषी पदवी पूर्वीपासूनच चार वर्षांची. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या सहाव्या अधिष्ठाता समितीने तिलाही अशीच दारे पाडली. पहिल्या वा दुसऱ्या वर्षाअखेर दहा आठवड्यांचे प्रत्यक्ष काम करून विद्यार्थ्याला प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन जाता येते.

कागदावर हे उदार दिसते. पूर्वी दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडणारा मुलगा रिकाम्या हाताने घरी जात असे, आता निदान त्याच्या हाती एक कागद येईल, असा युक्तिवाद आपल्याच काही सहकाऱ्यांनी आमच्याजवळ केला. त्यात तथ्य आहे आणि ते आम्ही नाकारीत नाही. ज्या घराने दोन वर्षे पोटाला चिमटा घेऊन मुलीला शिकविले, त्या घराला त्या दोन वर्षांची काहीएक नोंद मिळणे हे योग्यच होय. परंतु हे दार कोण वापरील, असा प्रश्न विचारताच चित्र पालटते. डॉक्टरचा, वकिलाचा, मोठ्या बागायतदाराचा मुलगा पहिल्या वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणार नाही. बाहेर पडेल तो ज्याच्या बापाची पऱ्हाटी बोंडअळीने खाल्ली तो. ज्या मुलीच्या आईला निंदणाला जाता येत नाही म्हणून घर सांभाळावे लागते ती. आजवर ज्याला आपण गळती म्हणत आलो, त्या गळतीला आता नियमाने प्रमाणपत्र मिळणार आहे. गळती हे शासनाचे अपयश होते. निर्गमन ही विद्यार्थ्याची निवड ठरेल. शब्द बदलला की जबाबदारीही सरकते, हे राज्यकर्त्यांना चांगले कळते.

याहून गंभीर गोष्ट अभ्यासक्रमाच्या क्रमात दडलेली आहे. कृषी पदवीचे पहिले वर्ष प्रामुख्याने मूलतत्त्वांचे असते. पीकशास्त्र, मृदाशास्त्र, आनुवंशशास्त्र, वनस्पतींचे जीवरसायन यांची तोंडओळख तेथे होते. नव्या रचनेने आरंभीच्या दोन वर्षांत कौशल्याचे काही पाठ घातले आहेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्याच्यामुळे ही पदवी उपयोजित म्हणवते, ते सलग काम चौथ्या वर्षासाठी राखलेले आहे. गावात राहून शेतकऱ्याबरोबर करावयाचा ग्रामीण कृषी कार्यानुभव, कारखान्यांशी व संस्थांशी संलग्न होऊन घ्यावयाचे शिक्षण, रोपवाटिका, मृदापरीक्षण किंवा प्रक्रिया उद्योग प्रत्यक्ष चालवून मिळवावयाचा अनुभव, हे सारे तेथे आहे. पाचव्या अधिष्ठाता समितीच्या रचनेत तर सातवे व आठवे ही दोन्ही सत्रे या कामाला दिलेली होती. म्हणजे उपयोजन चौथ्या वर्षी आणि बाहेरची दारे पहिल्या व दुसऱ्या वर्षी! ज्याला शास्त्राचा शेतीत उपयोग करण्याची सर्वांत अधिक गरज आहे, तो उपयोगाच्या वर्षापर्यंत पोहोचण्याआधीच दाराबाहेर असेल.

साध्या विज्ञान पदवीची स्थिती याहून वेगळी नाही. राज्याच्या आराखड्यात मुख्य विषयाबरोबर उपविषय, खुला विषय, कौशल्याचे पाठ, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली असे अनेक कप्पे आहेत. त्यांत कार्यप्रशिक्षण हा एक कप्पा आहे. चार श्रेयांकांचा, म्हणजे सुमारे १२० तासांचा. कल्पना चांगली आहे. परंतु तालुक्याच्या गावी रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे १२० तास कोठे घालवावयाचे? अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत जावयाचे तर रोजच्या प्रवासाचा खर्च कोणी सोसावयाचा आणि तेवढ्या दिवसांची बुडालेली मजुरी कोणी भरून द्यावयाची? ज्याची सोय होत नाही तो कोठल्या तरी ओळखीच्या दुकानाचा शिक्का आणून वही पुरी करील. मग कार्यप्रशिक्षणाचा अर्थ शिक्का मिळविण्याचे प्रशिक्षण एवढाच उरेल. चौथ्या वर्षी संशोधनासह विशेष पदवी घ्यावयाची तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. आणि हे चौथे वर्ष तालुक्याच्या किती महाविद्यालयांत खरोखर उघडेल? त्यासाठी लागणारे अध्यापक आणि प्रयोगशाळा कोण देणार? उत्तर मिळाले नाही तर त्या वर्षासाठीही बार्शीटाकळीच्या मुलीने अकोला वा अमरावतीच गाठावयाची आहे.

हा प्रश्न आजचा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुल्यांनी नेमके याच जागी बोट ठेवले होते. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरी पडतो, हा त्यांचा मूळ आक्षेप होता. प्राथमिक शाळेत शेतीचे मूलभूत ज्ञान द्यावे, अशीही त्यांची मागणी होती. त्यानंतर ऐंशी वर्षांनी भारताने अमेरिकेतील भूअनुदान महाविद्यालयांच्या धर्तीवर कृषी विद्यापीठे स्थापन करण्यास सुरुवात केली. पंतनगरचे पहिले विद्यापीठ १९६० सालचे. अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही तीन कामे एकाच छत्राखाली चालावीत, म्हणजे वर्गात शिकविलेले शेतात तपासले जावे आणि शेतातील प्रश्न वर्गात यावा, हे त्यांचे तत्त्व. १९६८ साली महाराष्ट्रातील पहिले कृषी विद्यापीठ राहुरीस निघाले. विदर्भाने आपल्या विद्यापीठासाठी १९६७ साली तीव्र आंदोलन केले, त्यात काहींना प्राण गमवावे लागले, आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास पंजाबराव कृषी विद्यापीठ उभे राहिले. हे विद्यापीठ कोणा मंत्र्याची देणगी नव्हे. ते वऱ्हाडच्या जनतेने लढून मिळविले आहे. म्हणूनच तेथे काय शिकविले जाते आणि ते कोणास मिळते, हे विचारण्याचा हक्क या जनतेला आहे.

ज्यांचे नाव या विद्यापीठाला आहे, त्या भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांच्या कार्याचा क्रमही लक्षात घेण्याजोगा आहे. १९३२ साली त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था काढली, त्याआधी अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय उभे केले होते. खेड्यातील मुलाला आधी राहण्याची जागा आणि दोन वेळची भाकर लागते, मग शाळा, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. आज शासनाने अल्पभूधारकांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना त्यांच्याच नावाने ठेवली आहे. नाव योग्य आहे. भत्ताही वेळेवर आणि पुरेसा मिळाला, तरच ते नाव शोभेल.

उपयोजित या शब्दाचा अर्थ अकोला जिल्ह्याच्या मातीतच शोधला पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील भूगर्भातील पाणी खारे, जमीन चिकण आणि निचरा मंद. विहीर खणली तरी तिचे पाणी पिकाला घालता येत नाही. त्या शेतीचे शास्त्र दुसरीकडून तयार आणता येणार नाही. ते येथेच, येथल्या मुलांनी, येथल्या शेतात घडवावे लागेल. दुसरे उदाहरण कापसाचे. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बियाण्याचा बाजार पाहता पाहता खासगी कंपन्यांच्या हाती गेला. पुढे गुलाबी बोंडअळीने त्या वाणांनाही दाद दिली नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. त्याच विदर्भात कृषी महाविद्यालये होती, कीटकशास्त्राचे विभाग होते, पदवीधरही होते. जे औषध पाठीवरच्या पंपात भरले जात होते त्याचे गुणधर्म परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत अचूक लिहिलेले होते. फक्त फवारणाऱ्या मजुरापर्यंत ते कोणी पोहोचविले नव्हते. ज्या उपयोजनात मजूर येत नाही, ते उपयोजन अपुरे होय.

याचे कारण केवळ शिक्षकांच्या निष्काळजीपणात नाही. कार्यानुभवासाठी गावात येणारी मुले, ज्यांना आपण कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतो, ती बहुधा जमीनवाल्या, सोय असलेल्या शेतकऱ्याच्या घरी जोडली जातात. बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क, कामगंध सापळा यांची प्रात्यक्षिके होतात, फलकासमोर छायाचित्र निघते आणि वही पुरी होते. मुलांचा दोष नाही; कित्येक मुले मनापासून राबतात. परंतु फवारणी करणारा सालदार आणि कापूस वेचणाऱ्या बाया त्या प्रात्यक्षिकाच्या वेळी दुसऱ्याच्या शेतात रोजावर असतात. त्यांच्यासाठी संध्याकाळी सातची वेळ ठेवावी, असे रचनेत कोठेही लिहिलेले नाही.

भाषेचा प्रश्नही येथेच येतो. कृषी तंत्र विद्यालयातील दोन वर्षांची पदविका मराठीतून शिकविली जाते. पदवी मात्र इंग्रजीतून. बार्शीटाकळीत मराठी शाळांतून तशी उर्दू शाळांतूनही मुले येतात. ती पहिल्याच सत्रात इंग्रजी परिभाषेच्या भिंतीवर आदळतात आणि पहिल्याच वर्षाच्या अखेरीस बाहेरचे दार उघडे असते. मातृभाषेचा गौरव करणाऱ्या धोरणाने मृदाशास्त्राचे आणि कीटकशास्त्राचे चांगले मराठी व उर्दू पाठ्यपुस्तक आधी छापावे आणि मग गौरव करावा.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. राज्यात विनाअनुदानित कृषी महाविद्यालये मोठ्या संख्येने निघाली. सरकारी जागा न मिळालेल्या मुलाला तेथील शुल्क भरावे लागते. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी मिळाली. या निर्णयाचे आम्ही स्वागत करतो. पण शुल्क माफ झाले तरी खोलीचे भाडे, खानावळ, एसटीचा पास आणि प्रयोगवह्या माफ होत नाहीत. आणि भूमिहीनाचा मुलगा त्या माफीच्या बाहेरच राहतो. दुसरीकडे कृषी विद्यापीठांतील रिक्त जागांचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळत आहे. शिक्षक नसेल तर तीस तासांच्या प्रयोगाचा श्रेयांक कागदावरच मिळतो.

यास्तव आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, बाहेरचे दार असू द्या, परंतु आत राहण्याची हमी आधी द्या. आर्थिक कारणास्तव एकाही विद्यार्थ्याला पहिल्या वा दुसऱ्या वर्षी पदवी सोडावी लागू नये. प्रत्येक महाविद्यालयाने मधूनच बाहेर पडलेल्यांची संख्या व कारणे, नावे न देता, दरवर्षी जाहीर करावीत. दुसरी, प्रत्यक्ष काम चौथ्या वर्षासाठी साठवून न ठेवता पहिल्या वर्षापासून वाटून द्यावे, म्हणजे ज्याला जावेच लागेल तो निदान माती व पाणी तपासण्याची आणि सुरक्षित फवारणीची विद्या घेऊन जाईल. तिसरी, कार्यानुभव व कार्यप्रशिक्षण यांच्या काळात प्रत्येक विद्यार्थ्यास, महाविद्यालय सरकारी असो वा विनाअनुदानित, मजुरीच्या किमान दराइतके विद्यावेतन मिळावे. चौथी, तालुक्याच्या ठिकाणी सार्वजनिक मृदा व जलपरीक्षण प्रयोगशाळा काढून तिला महाविद्यालयाशी जोडावे. विद्यार्थ्यांचे १२० तास तेथे खर्ची पडावेत आणि गावाला आपल्या विहिरीच्या पाण्याचा अहवाल मिळावा. पाचवी, शुल्कमाफी भूमिहीन व अल्पभूधारकांच्या मुलांनाही लागू करावी आणि निर्वाह भत्ता सत्र सुरू होतानाच द्यावा.

मागण्यांची निवेदने देऊन कार्यकर्त्यांचे काम संपत नाही. यंदाच्या प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक तालुका शाखेने महाविद्यालयाजवळ एक साधे टेबल मांडून बसावे. शिष्यवृत्तीचे, भत्त्याचे, शुल्कमाफीचे अर्ज भरून द्यावेत आणि कोणाचा अर्ज कोठे अडला याची वही ठेवावी. गेल्या वर्षी प्रवेश घेतलेल्यांपैकी जी मुले यंदा दिसत नाहीत, त्यांच्या घरी जावे आणि कारण विचारावे. ती यादी हाती असली म्हणजे विधिमंडळातील आपला आवाज पोकळ राहणार नाही. गावात कृषिदूत येतील तेव्हा त्यांना ग्रामसभेत बोलवावे. त्यांनी तपासलेल्या मातीचा व पाण्याचा अहवाल मराठीत वाचून घ्यावा. संध्याकाळी मजूरवस्तीत फवारणीच्या धोक्यांवर बोलण्यास सांगावे. त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहण्याची गरज नाही.

वऱ्हाडच्या माणसाने विद्यापीठ मागितले तेव्हा त्याला इमारत हवी नव्हती. आपल्या शेताचे कोडे सोडवील असे शास्त्र आणि ते शास्त्र शिकलेला आपल्याच घरचा मुलगा त्याला हवा होता. इमारत उभी राहून पन्नासहून अधिक वर्षे झाली. मृगाच्या तोंडावर बियाण्याचा आणि प्रवेशाचा हिशेब मांडणाऱ्या कास्तकाराला आणि मजुराला जोवर त्यांतील एक हिशेब पुसून टाकावा लागतो, तोवर ही मागणी पुरी झाली असे आम्ही मानणार नाही.